अवर्षणाने शिकविलेला धडा

(राणीसावरगाव, जि. परभणी येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील गाव. पाऊस चुकला म्हणजे काय होते, हे येथे बाहेरून कोणी येऊन सांगावयास नको. म्हणूनच १९७२ च्या दुष्काळाची उजळणी येथे करणे उचित ठरेल. परंतु ती हालअपेष्टांची नव्हे, तर त्या वेळच्या उणिवांची.

त्या वर्षी पाऊस फसला. आधीच्या दोन वर्षांनीही हात आखडताच ठेवला होता. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि कामावर सुकडी, यांवर लोकांनी दिवस काढले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. एवढ्या हातांना काम पुरविल्यामुळे असंख्य जीव वाचले, हे निर्विवाद आहे. तथापि, घाईने काढलेल्या कामांत खडी फोडण्याची कामे फार होती. रस्त्याकडेला खडीचे ढीग साचले. शिवारात पाणी मात्र अडले नाही. एवढे श्रम पुढच्या दुष्काळाच्या उपयोगी पडले नाहीत, हे अपयश मान्यच केले पाहिजे.

ते मान्य झाले, म्हणूनच पुढचे पाऊल पडले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगाला राज्यव्यापी रूप आले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम ही मेहेरबानी न राहता हक्क ठरला, आणि ते काम उत्पादक असावे, हा दंडक पडला. येथे बसलेल्या शिक्षकांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये याच योजनेसाठी बसविण्यात आला, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

पाझर तलाव झाले, नालाबांध झाले. पण पुन्हा चूक झालीच. वरच्या उतारावर बांधबंदिस्ती व झाडी नसताना खाली तलाव बांधले, की उतारावरची माती पाण्याबरोबर तलावात येते. गाळ साचून कित्येक तलाव उथळ झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने काम करावयाचे, हे पाणलोट विकासाचे सूत्र अशा अनुभवांतूनच रुजले.

तरीही एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १९७२ मध्ये धान्याची वाण होती. या वेळी दुकानांत धान्य होते आणि विहिरींना तळ दिसत होता. जमिनीत पाणी मुरविण्याइतकाच त्याच्या उपशाचा हिशेब महत्त्वाचा, हे ध्यानी येण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. विंधन विहिरींची खोली वाढत गेली आणि अडविलेले पाणी वर खेचले गेले.

ग्रामपंचायतींच्या दप्तरी पूर्ण झालेल्या कामांची नोंद असते. कोणता बांध पहिल्याच पावसात का फुटला, कोणत्या तलावाखालच्या विहिरी फेब्रुवारीतच का आटल्या, याची नोंद सहसा नसते. शाळेतील मुले शिक्षकांबरोबर दिवाळीत व होळीला गावातील दहा विहिरींची पातळी दोरी सोडून मोजू शकतील. ते आकडे ग्रामसभेत फळ्यावर लिहिले गेले, तर पुढील वर्षीची कामे कोणत्या उतारावर घ्यावयाची, याची चर्चा त्यांवरूनच सुरू करता येईल.