फळा पुसला का?



एका शाळेतला प्रसंग डोळ्यांपुढे आणा. गणिताचे गुरुजी वर्गात येतात आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारतात, "बाळ, सतरा आठे किती?" मुलगा चटकन सांगतो, "एकशे छत्तीस." गुरुजी खूश होतात. पाढा पाठ आहे असा शेरा देतात. मग मागे वळून पाहतात तो काय, आधीच्या तासाला कोणीतरी सतराचा पाढा फळ्यावर लिहून ठेवला आहे आणि तो पुसायचा राहून गेला आहे! आता सांगा, परीक्षा कशाची झाली? पाठांतराची की डोळ्यांची? मुलाने लबाडी केली नाही, गुरुजींनीही केली नाही. फळा तेवढा पुसायचा राहिला.

आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे ते अशाच एका न पुसलेल्या फळ्याविषयी. फरक इतकाच की हा फळा शाळेतला नसून संगणकातला आहे.

आपल्या हातातला मोबाइल, एस. टी.च्या वाहकाजवळचे तिकिटाचे यंत्र, मच्छीमार बोटीवरचे दिशा दाखवणारे यंत्र, या सगळ्यांच्या पोटात एक लहानमोठा संगणक असतो. आपण बटण दाबतो आणि यंत्र जागे होते. पण जागे होते म्हणजे काय होते? सकाळी घर उठते तेव्हा आधी कोणीतरी एकजण उठतो, चूल पेटवतो, दार उघडतो आणि मग इतरांना हाक मारतो. संगणकातही सर्वांत आधी उठणारी एक छोटी आज्ञावली असते. तिला बूटलोडर म्हणतात. स्मरणकोश ठीक आहे का ते ती पाहते, मुख्य कारभार चालवणारी मोठी आज्ञावली कोठे ठेवली आहे ते शोधते, ती आत आणते आणि तिच्या हाती किल्ल्या देऊन बाजूला होते. सगळे काम काही क्षणांचे. पण ती चुकली तर पुढे काहीच होत नाही. मोठी आज्ञावली बिघडली तर यंत्र निदान काही कुरकूर तरी करते. बूटलोडर बिघडला की हातात राहतो तो नुसता दगड.

अशा यंत्रांसाठी जगभर वापरला जाणारा एक बूटलोडर आहे, त्याचे नाव यू-बूट. जर्मनीतील वोल्फगांग डेंक यांनी तो वाढवला आणि २००२ साली त्याला हे नाव मिळाले. डेंक २०२२ मध्ये निवर्तले. काम मात्र अनेकांच्या हातांनी चालू आहे. ही आज्ञावली कोणालाही मोफत घेता येते, वाचता येते आणि सुधारता येते. म्हणून तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयातले विद्यार्थीसुद्धा तिच्यावर प्रयोग करू शकतात.

आता प्रयोग करायचा तर यंत्र हवे, आणि यंत्राला पैसे पडतात. शिवाय चुकीचा बूटलोडर भरला तर यंत्र हातचे जाण्याची भीती. यावर तोड म्हणजे प्रतियंत्र. इंग्रजी नावाने त्याला एम्युलेटर म्हणतात. ही अशी आज्ञावली की जी आपल्या साध्या संगणकावर दुसऱ्याच एखाद्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेते. आतल्या बूटलोडरला वाटते, आपण खऱ्या यंत्रावर आहोत. फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच गृहस्थाने २००३ साली केमू नावाचे असे प्रतियंत्र लोकांपुढे ठेवले. आजही ते फार वापरले जाते. प्रतियंत्र कितीही वेळा मोडा, पुन्हा चालू होते. नमनाच्या खेळ्यांची शिमग्याआधी तालीम होते, तशी ही तालीम. तालमीत चुकले तर कोणाचे बिघडत नाही.

पण श्रोतेहो, तालमीचाही एक धोका असतो. तो मला माझ्या स्वतःच्या फजितीतून कळला.

काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी पाऊस मोजणारे एक यंत्र करायला घेतले. आपल्याकडच्या पावसाचे काय सांगावे! तो मोजणारे यंत्र वीज गेली तरी पुन्हा आपले आपण उठले पाहिजे, ही पहिली अट. मुलांनी आधी सगळी तयारी प्रतियंत्रावर केली. रोज संध्याकाळी चाचण्या चालवायच्या आणि वहीत टिपून ठेवायचे. सलग वीस दिवस सर्व चाचण्या उत्तीर्ण. मी वहीवर सही केली. मग खऱ्या फळीवर, म्हणजे त्या छोट्या संगणकावर, बूटलोडर चढवला आणि वीज दिली. यंत्र उठले, दोन ओळी बोलले आणि आज्ञेची वाट पाहात तसेच थांबले. पुढे जाईना.

माझा पहिला संशय गेला तो तारा जोडणाऱ्या मुलावर. गुहागरकडचा, अबोल मुलगा. मी म्हटले, "तुझे डाख कच्चे असतील." त्याने वाद घातला नाही. चार दिवस तो एकेक सांधा उकलून पुन्हा जोडत बसला. यंत्र काही हालेना.

पाचव्या दिवशी वर्गातली एक मुलगी आली आणि म्हणाली, "सर, मी सगळे काम घरच्या संगणकावर उतरवून घेतले. माझ्याकडे तर प्रतियंत्रातसुद्धा चालत नाही. पहिल्या दिवसापासून नाही!"

तेव्हा माझे डोळे उघडले. बूटलोडरला एक छोटी वही असते. मोठी आज्ञावली कोणत्या नावाची, किती सेकंद थांबायचे, असल्या गोष्टी तो तीत लिहून ठेवतो आणि वीज गेली तरी त्या राहतात. प्रतियंत्रात ही वही म्हणजे साधी एक फाईल. पहिल्याच दिवशी कोणा मुलाने हाताने टंकून आमच्या आज्ञावलीचे नाव त्या वहीत लिहिले होते आणि 'जपून ठेव' अशी आज्ञा दिली होती. पुढे वीस दिवस प्रत्येक चाचणी त्या एका ओळीच्या जिवावर उत्तीर्ण होत होती. आमच्या स्वतःच्या कामात ती ओळ कोठेच नव्हती. खऱ्या फळीची वही कोरी, त्या मुलीच्या घरची फाईलही कोरी. म्हणून दोन्हीकडे सत्य उघडे पडले. फळ्यावर पाढा लिहिलेला होता आणि मी शेरा देत होतो! त्या मुलाची मी वर्गासमोर क्षमा मागितली. चुकीची चाचणी नुसते यंत्र बिघडवीत नाही, ती निरपराध माणसावर आळ आणते, हे मी त्या दिवशी शिकलो.

यंत्राची आठवण ही काही नवी गोष्ट नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक उभा राहिला. त्याचा स्मरणकोश फेराइटच्या बारीक बारीक कड्यांचा होता. अशा कडीचा गुण असा की वीज गेली तरी तिच्यातले चुंबकत्व तसेच राहते. म्हणजे कालचे लिहिलेले आज सापडावे ही सोय, आणि कालचे लिहिलेले आज आडवे यावे ही गैरसोय, दोन्ही जुन्याच.

आणि या गैरसोयीची मजल कोठवर जाते ते पाहा. अमेरिकेची 'स्पिरिट' ही गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली. २१ जानेवारीपासून तिचे बोलणे विस्कळीत झाले. तिच्या वीज गेली तरी न विसरणाऱ्या स्मरणकोशात फायलींची इतकी गर्दी झाली होती की त्यांची यादी लावतानाच संगणकाला जागा पुरेना. तो बंद पडून पुन्हा उठे, उठल्यावर तीच यादी वाचायला जाई आणि पुन्हा पडे. असे साठाहून अधिक वेळा झाले. शेवटी पृथ्वीवरून आज्ञा गेली : त्या स्मरणकोशाकडे न बघता ऊठ. गाडी उठली. मग जुन्या फायली काढून टाकल्या, कोश साफ केला आणि ती गाडी २०१० पर्यंत आपल्याशी बोलत राहिली. यंत्र मोडले नव्हते; आठवणींच्या ओझ्याखाली अडले होते.

तर मग उपाय काय? दर वेळी सगळे पुसून टाकावे, असे आपण म्हणाल. ते अर्धेच खरे आहे.

आम्ही आता असे करतो. एक कोरी, नीट तपासलेली मूळ प्रत ठेवतो. तिच्यावर कोणीही लिहायचे नाही. प्रत्येक चाचणीला तिची नवी नक्कल द्यायची आणि काम झाले की ती नक्कल टाकून द्यायची. केमूमध्ये याची सोय आहे : मूळ प्रत तशीच राहते आणि केलेले फेरफार तेवढे वेगळ्या कागदावर उतरतात. अधूनमधून चाचण्यांचा क्रमही उलटा करतो. पाचवी चाचणी एकटी नापास आणि चौथीच्या मागून पास, असे झाले की समजावे, चौथीने फळ्यावर काहीतरी लिहून ठेवले आहे.

परंतु काही वेळा आठवणीचीच परीक्षा घ्यायची असते. वीज गेल्यावर लिहिलेले टिकते का, हे पाहायचे तर मध्येच पुसून कसे चालेल? तेथे चाचणी दोन पायऱ्यांची करावी : लिही, बंद हो, ऊठ आणि वाच. त्या फाईलीला त्या चाचणीचेच नाव द्यावे, म्हणजे दुसरी चाचणी चुकून ती उचलणार नाही.

शिवाय मुद्दाम वाईट वही देऊन पाहावी. कोरी, खरडलेली, तुडुंब भरलेली, लिहिता लिहिता वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेली. यू-बूट वहीबरोबर एक पडताळ्याचा आकडा ठेवतो. तो जुळला नाही तर इशारा देऊन मूळच्या ठरीव सूचनांवर काम चालवतो. दोन प्रती ठेवण्याचीही सोय आहे, म्हणजे एक लिहिताना वीज गेली तरी दुसरी शाबूत राहते. आपल्या कोकणात जून ते सप्टेंबर वीज किती वेळा जाते हे मी काय सांगू! प्रतियंत्रात ती शंभर वेळा घालवून पाहता येते, आणि एक पैसाही खर्च होत नाही.

एक सूक्ष्म गोष्ट राहिली. प्रतियंत्राला चालता चालता गोठवून ठेवता येते आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे नेता येते. फार सोयीचे आहे. पण बूटलोडरच्या परीक्षेला ते उपयोगाचे नाही. कारण गोठवलेले यंत्र पुढे चालू झाले तर ते जागे झालेच नाही. ते झोपलेच नव्हते. आणि आपल्याला तर जागे होणेच तपासायचे आहे!

आणि शेवटचे : चाचणी नापास झाली तर मात्र पुसू नका. ती फाईल बाजूला काढा, तारीख घाला, आज्ञावलीची कोणती आवृत्ती होती ते लिहा. पास झालेल्याचा फळा पुसावा, नापास झालेल्याचा जपावा. तो पुरावा आहे. आम्ही ती पहिली फाईल जपली होती म्हणूनच ती एक ओळ सापडली, आणि अबोल मुलाच्या हातात दोष नव्हता हे सिद्ध झाले.

शिक्षक मित्रांनो, हे सारे संगणकापुरतेच आहे असे मला वाटत नाही. तराजू शून्यावर आणल्याशिवाय आपण वजन करीत नाही. पायली रिकामी आहे ना हे पाहिल्याशिवाय शेतकरी भात मोजीत नाही. निकाल हाती आला की आनंद जरूर माना, पण सही करण्याआधी एकदा मागे वळून पाहा.

ते पाऊस मोजणारे यंत्र आता चालते. पावसाळ्यात वीज जाते, येते, आणि ते आपले आपण उठते. उठताना पडद्यावर दोन ओळी येतात, तेव्हा मला माझे गणिताचे गुरुजी आठवतात. ते वर्गात आले की प्रश्न विचारण्याआधी, खुर्चीत बसण्याआधी, न बोलता डस्टर हातात घेत असत.