हजेरीपटावरची लाल शाई

(मुख्याध्यापिका आणि शाळा व्यवस्थापन समित्यांमधील स्त्री-सदस्यांच्या मेळाव्यात, छत्रपती संभाजीनगर येथे केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)

माझ्या एका चुकीपासून सुरुवात करते. समाजकार्याची पदवी घेऊन मी नुकती कामाला लागले होते. कन्नड तालुक्यातल्या एका तांड्यावर शाळा सोडलेल्या मुलींची पाहणी करत होते. शाळेच्या हजेरीपटावर सहावीतल्या एका मुलीच्या नावापुढे लाल शाईनं लिहिलं होतं, ‘सतत गैरहजर’. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "या लोकांना शिक्षणाची आवडच नाही हो." मी मान हलवली आणि फॉर्मवर कारण लिहिलं : पालकांची उदासीनता.

पुढे त्या मुलीची आई भेटली. ऊसतोडीहून नुकतीच परतली होती. ती म्हणाली, "ताई, तरणी पोर मागं कुनापाशी ठिवू? कारखान्याजवळच्या शाळंत नेली, तर त्यांनी दाखला मागितला. हितं मागावा, तर मास्तर म्हनले, नाव कमी हुईल." बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. ही बाई त्याच शाळेच्या व्यवस्थापन समितीची सदस्य होती! तिला ते माहीतच नव्हतं. कुणीतरी घरी येऊन रजिस्टरवर तिचा अंगठा घेऊन गेलं होतं.

उदासीन कोण होतं? ती आई, शाळा, की फॉर्म भरणारी मी?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमानुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित गटांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं पाचवं कलम सांगतं. म्हणजे त्या मुलीची वाट कायद्यानं मोकळीच होती. ती अडवली आपल्या सवयींनी. निम्म्या स्त्रिया कागदावर आल्या, पण खुर्चीवर बसल्याच नाहीत.

शाळेचं नेतृत्व म्हटलं की आपल्याला निकालाची टक्केवारी, रंगवलेल्या भिंती आणि वेळेवर गेलेले अहवाल आठवतात. आपल्याकडच्या बायांनी मात्र नेतृत्वाचा वेगळा अर्थ कधीच दाखवून दिला आहे. सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. त्या शाळेनं तिला नुसती अक्षरं गिरवायला लावली नाहीत. स्वतःच्या लोकांचं दुःख हा लिहिण्याचा विषय असू शकतो, असा विश्वास तिला दिला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं उदाहरण तर आपल्या कामाच्या फार जवळचं आहे. १९४५ साली बोर्डीला त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथली मोठी मुलं गुरं राखायची. मग शाळा कुरणात भरवली, तिचं नाव कुरणशाळा. ‘मुलं शाळेत येत नाहीत’ या वाक्याऐवजी ‘शाळा मुलांपर्यंत जात नाही’ असं वाक्य त्यांनी मांडलं. समतेची सुरुवात मला इथे दिसते.

आता आपल्या मराठवाड्याकडे पाहू. तांड्यावरचं पोर आईला ‘याडी’ म्हणतं. पहिल्याच दिवशी बाई म्हणतात, "याडी नाही, आई म्हण." बाईंचा हेतू वाईट नसतो. पण पोराला काय कळतं? घरचं ते चुकीचं. मग ते गप्प होतं आणि आपण त्याला ‘मंद’ म्हणतो. जरा आठवा, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आपल्याच आजोबांना माध्यमिक शाळा उर्दूतून शिकावी लागत होती. परक्या भाषेपुढे तोंड कसं बंद होतं, हे आपल्या घरांना माहीत आहे. मग गोरमाटी बोलणाऱ्या किंवा दखनी बोलणाऱ्या मुलीला आपण तेच का करतो? तिच्या शब्दाचा हात धरून मराठीपर्यंत नेता येतं. त्याला पैसा लागत नाही, मुख्याध्यापिकेचं मन लागतं.

त्या शाळेचं पुढे काय झालं? बाईंशी आमचं बरंच वाजलं. पण त्या ऐकणाऱ्या निघाल्या. पुढच्या वर्षी त्यांनी समितीची बैठक दसऱ्याच्या आधी, संध्याकाळी, तांड्यावरच घेतली. कोण कोण ऊसतोडीला जाणार आणि पोरं कुठे राहणार, याची यादी आयांनीच सांगितली. हंगामी वसतिगृहाचा ठराव झाला. तो आधी मोठ्यानं वाचला, मग अंगठे घेतले. धाकटी बहीण आजीपाशी राहिली आणि शाळेत टिकली. मोठी मात्र सुटली ती सुटलीच. तोवर तिचं लग्न लावून दिलं होतं. माझ्या फॉर्मवरचं ते एक वाक्य मला अजून टोचतं.

म्हणून मैत्रिणींनो, इथून जाताना तीन कामं घेऊन जा. सदस्य बाईला ती सदस्य आहे हे सांगा आणि तिची मजुरी बुडणार नाही अशा वेळी बैठक घ्या. ठराव वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नका, देऊ नका. आणि हजेरीपटावर लाल शाईनं काही लिहिण्याआधी एकदा त्या मुलीच्या घरी जा. तिथे काय दिसलं, ते पुढच्या मेळाव्यात एकमेकींना सांगू.