पावसाळी तापाचा घरगुती बंदोबस्त

मृगाचा पाऊस स्थिरावला, दारे-खिडक्या मिटल्या आणि दमट हवेत माणसे एकमेकांच्या निकट बसू लागली, की आपल्या पश्चिम भारतात इन्फ्लुएन्झाचा, म्हणजे फ्लूचा, मुख्य हंगाम सुरू होतो. २००९च्या ऑगस्टात स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला, तोही याच ऋतूत.

लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच रोगी हा विषाणू इतरांस देऊ लागतो आणि पुढे ५ ते ७ दिवस देत राहतो. म्हणून ज्याला ताप आला त्याच्या निजण्याची तजवीज शक्यतो निराळ्या, हवेशीर खोलीत करावी आणि शुश्रूषा एकाच निरोगी माणसाने, मास्क बांधून करावी. हात साबणाने धुवायचे ते बोटांच्या बेचक्यांसह, निदान २० सेकंद.

विषाणू रूप पालटत असल्याने लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि तिचा प्रभाव दिसण्यास दोन आठवडे जातात, तेव्हा ती पावसाआधीच घेणे इष्ट. सहा महिन्यांखालील अर्भकास ही लस देता येत नाही. गर्भवती मातेने घेतलेली लसच त्याचे रक्षण करते, आणि याविषयी आपल्याकडे होणारी हयगय मला फार खटकते. बाळाचा श्वास जलद चालला, श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, किंवा ते अंगावर पिईनासे झाले, तर काढ्यात आणि वाफेत वेळ न दवडता त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे.