कोन येऊन रायलं तुमचं?

(विहाराच्या वर्धापनदिनी चांदूर बाजार येथे केलेले भाषण)



संयोजकांनी आम्हाला विषय दिला आहे ‘मैत्री’. ग्रंथांतले सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्ही आपले डोळ्यांनी पाहिलेले सांगतो.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आपल्या वॉर्डातली एक मुलगी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला गेली होती. ती परत येणार म्हणून आम्ही सात जण गाडी करून नागपूरला गेलो. सोनेगावच्या विमानतळाला २००५ सालापासून बाबासाहेबांचे नाव आहे. रात्री दिव्यांच्या उजेडात ते नाव वाचले आणि ऊर भरून आला. पण तिकीट नसणाऱ्याला आत सोडत नाहीत. बाहेर कठड्यापाशी उभे राहायचे. त्यात विमान तीन तास लेट!

सुरुवातीला जो तो आपापल्या घोळक्यात होता. आम्हीही तसेच. मग शेजारच्या एका म्हातारीने आमच्या सोबतच्या आबाजींना विचारले, “कोन येऊन रायलं तुमचं?” ती अचलपूरची. तिचा मुलगा उमरा करून यायचा होता. पलीकडे वरुडकडचे एक बागायतदार जावयाची वाट पाहत होते. एका प्रश्नाने सगळ्यांची तोंडे उघडली. कोणी चहा आणला, कोणी बाकड्यावर जागा करून दिली. आतून कोणाचेही माणूस बाहेर आले की सगळेच माना उंच करून हसायचे. दुसऱ्याच्या आनंदाने आपणही आनंदी होणे, याला धम्मात मुदिता म्हणतात. आम्ही ती त्या कठड्यापाशी पाहिली.

बागायतदारांनी पिशवीतून आंबिया बहाराची संत्री काढली. एक सोलले, अर्धे आबाजींच्या हातावर ठेवले, अर्धे स्वतः खाल्ले. आबाजी क्षणभर तसेच बसून राहिले. लहानपणी हॉटेलच्या बाहेर वेगळ्या कपात चहा घेतलेला माणूस तो! मग त्यांनी एकेक फोड सावकाश खाल्ली. आमची मुलगी बाहेर आली तेव्हा त्या अचलपूरच्या म्हातारीने तिच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटे मोडली. तिचा स्वतःचा मुलगा अजून यायचाच होता.

परतताना गाडी चालवणारा पोरगा म्हणाला, “आबाजी, त्या मानसानं आडनाव नाई इचारलं.”

आबाजी म्हणाले, “म्याही नाई सांगतलं.”

“इचारलं असतं तं?”

कोंढाळी येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

बंधूंनो, हा प्रश्न आम्हाला अजून सुटलेला नाही. ती मैत्री तीन तासांची होती, म्हणून सोपी होती. तिथे कोणाचा बांध कोणाच्या बांधाला लागून नव्हता, की कोणाला कोणाकडे सोयरीक करायची नव्हती. इथे आपल्या बसस्टँडवर अनोळखी माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग आडनाव. आणि आडनावातून जे काढायचे ते काढतात. कठड्यापाशी मात्र ‘तुम्ही कोण’ हे कोणी विचारले नाही. ‘तुमचे कोण येणार’ एवढेच विचारले. वाट पाहणारा माणूस सगळीकडे सारखाच असतो.

आपल्या समाजाने तर विमानतळावरची सर्वांत जड रात्र पाहिली आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचा पार्थिव देह विमानाने मुंबईला आणायचा होता. सांताक्रूझला त्या रात्री माणसे ताटकळत उभी होती. ७ तारखेच्या पहाटे विमान आले. कोण कोणत्या चाळीतला, कोणत्या जिल्ह्यातला, हे तेव्हा कोणी कोणाला विचारले असेल काय? सगळ्यांचे एकच माणूस येणार होते.

बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितले होते की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. त्यांत बंधुतेला त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले. कायदा विहिरीवर पाणी मिळवून देईल. संत्र्याची अर्धी फोड हातावर ठेवायला कायदा येणार नाही.

आता दुसऱ्यांना बोल लावून थांबलो तर आम्ही खोटे ठरू. आपल्या विहाराच्या दारात नवा माणूस आला तर आपण काय विचारतो? “तुम्ही कोणत्या गटाचे?” हेही आडनाव विचारण्यासारखेच झाले! एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहूनही मुंबईला प्रवासी विमान जाऊ लागले. म्हणजे असा कठडा आता अमरावतीपर्यंत आला आहे. तो विहाराच्या दारापर्यंत आणणे आपल्या हाती आहे. नवा माणूस दिसला की आधी पाणी द्या, सतरंजीवर जागा करा, आणि मग विचारायचेच असेल तर आबाजींना त्या म्हातारीने विचारले तसे विचारा.

 

नमो बुद्धाय! जयभीम!