मागच्या अंगणातलं कोईचं तळं

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या सभासदांच्या व्याख्यानांपैकी एका व्याख्यानाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाच्या निधीतून मागच्या अंगणात रंगीत माशांचं तळं करावं, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. दोन कोटेशनं आली आहेत. एक दोन फूट खोल तळ्याचं. त्यात मध्ये कारंजं आणि काठाला गोटे, चित्रात फार सुंदर दिसतं. दुसरं त्याच्या अडीचपट पैशांचं, आणि दिसायला नुसती चौकोनी टाकी. माझी सगळी नोकरी पाणी शुद्धीकरणाच्या कामात गेली आणि बहिणीच्या बंगल्यातलं असं तळं मी नऊ वर्षं सांभाळतोय, म्हणून कमिटीने मला बोलायला उभं केलंय. मत आधीच सांगून टाकतो. करायचं तर दुसरं करा, नाहीतर त्या जागेत लिंबाची दोन झाडं लावा.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आपण सगळ्यांनीच पाहिलंय. त्याची रचना जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून घेतली आहे. कोई मासेही जपानचेच. निगाता प्रांतातल्या डोंगराळ खेड्यांत शेतकरी खाण्यासाठी कार्प मासे पाळत. त्यांत कधी लाल, कधी पांढरा निपजायचा. एकोणिसाव्या शतकात त्यांनी असे मासे निवडून वाढवायला सुरुवात केली आणि १९१४ च्या तोक्योच्या प्रदर्शनानंतर ते जपानभर गेले. म्हणजे हा गोल्डफिश नव्हे, मूळचा कार्प आहे. दुकानात तीन इंचांचा दिसतो, पण नीट जागा मिळाली तर दोन फूट होतो. आणि पंचवीस-तीस वर्षं सहज जगतो. आपल्या सोसायटीला आज जेवढी वर्षं झाली तेवढी. आज जी मुलं त्याला खायला घालतील, ती आपली मुलं घेऊन येतील तेव्हाही तो तिथेच असायला हवा.

आता हिशेब. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, साडेचार फूट खोल, म्हणजे ४३२ घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लीटर, म्हणजे सुमारे १२,००० लीटर. गच्चीवरच्या हजार लीटरच्या काळ्या टाक्या डोळ्यांपुढे आणा, तशा बारा. वजन बारा टन. कुणीतरी पार्किंगच्या स्लॅबवर करू म्हणालं होतं, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. हजार लीटरला एक मासा असा ढोबळ नियम धरला, तर आपल्याकडे दहा-बारा मासे. पन्नास नाहीत.

एवढी खोली कशाला? उथळ पाणी दुपारी तापतं आणि पहाटे गार होतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लीटरमागे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. शिवाय दोन फुटांत बगळा आरामात उभा राहतो, ती त्याची खानावळच. काही आयांना खोलीची भीती वाटते आणि ती बरोबर आहे. पण लहान मूल दोन फुटांतही बुडू शकतं, तेव्हा उथळ म्हणजे सुरक्षित असं धरू नका. दोन्ही कोटेशनांत कुंपण नाही. चार फुटी कुंपण आणि आपोआप मिटणारं, वरून कडी असलेलं फाटक घातल्याशिवाय एकही ठराव मंजूर करू नये.

कोईच्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो. तो साठला की मासा त्याच पाण्यात गुदमरतो, आणि पाणी दिसायला मात्र अगदी नितळ असतं. हा अमोनिया खाणारे जीवाणू असतात. ते त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. या जीवाणूंना बसायला जागा आणि सतत हवा लागते, आणि ती जागा म्हणजे फिल्टर. अडीचपट पैसे आहेत ते यासाठी. पहिल्या कोटेशनमध्ये फिल्टर म्हणून जे लिहिलंय ती कारंज्याच्या पंपाला बांधलेली स्पंजाची पिशवी आहे.

नीट पद्धत अशी. तळाला चारी बाजूंनी मध्याकडे उतार, मधोमध चार इंची बॉटम ड्रेन. तिथून घाण आपोआप शेजारच्या पहिल्या टाकीत जाते, तिथे पाणी संथ होऊन गाळ बसतो. मोठ्या शुद्धीकरण केंद्रातही आम्ही हेच करत होतो. दुसऱ्या टाकीत ब्रश, तिसरीत जीवाणूंसाठी प्लास्टिकच्या जाळीदार चकत्या. पंप सगळ्यांत शेवटी. आधी ठेवला तर तो घाणीचं मिक्सरमध्ये वाटण करून पुढे पाठवतो. सगळं पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरलं पाहिजे. आतून पाण्याच्या टाकीला लावतात तसा इपॉक्सीचा थर हवा, नाहीतर कोऱ्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत राहतो.

खजिनदार विचारणारच, म्हणून सांगतो. १०० वॅटचा पंप आणि ४० वॅटचा हवेचा पंप चोवीस तास चालले तर महिन्याला सुमारे १०० युनिट. रात्री बंद करून वाचवू, हे चालणार नाही. जीवाणूंनाही हवा लागते, आणि माशांना पहाटेच ती सगळ्यांत कमी पडते. हवेचा पंप लिफ्टच्या इन्व्हर्टरवर घ्या.

उन्हाळ्यात टँकर मागवतो आणि माशांना पाणी कुठून, हाही प्रश्न आला होता. आठवड्याला हजार-बाराशे लीटर बदलावं लागेल. ते नायट्रेटचं पाणी म्हणजे खतच आहे, ते बागेला जाईल आणि तेवढं बागेचं पाणी वाचेल. मात्र नवं भरताना नळाची नळी थेट सोडायची नाही. जवळच्याच एका सोसायटीत रात्री नळी तळ्यात राहिली आणि सकाळी सगळे मासे पालथे. क्लोरीन कल्ले जाळतं आणि जीवाणूही मारतं. पाणी आधी वेगळ्या टाकीत घ्यायचं आणि हायपो, म्हणजे फोटोग्राफर वापरायचे तेच, मोजून टाकायचं.

डासांची काळजी नको. वाहत्या पाण्यात आणि माशांपुढे अळ्या टिकत नाहीत. काळजी आपलीच जास्त. बिस्किटं, पुरी, निर्माल्य आणि दीड दिवसाचा गणपती, यांपैकी काहीही त्यात जाता कामा नये. गणपतीसाठी दरवर्षीचा पिंप आहेच.

खोदाई दिवाळीनंतर. तळं भरल्यावर पहिले दोनच मासे, आणि चार-सहा आठवडे रोज थेंबांच्या किटने अमोनिया तपासायचा. तो शून्यावर राहायला लागला की मग बाकीचे आणायचे. तोवर मुलांना थांबवणं हे बांधकामापेक्षा अवघड जाईल.

ठरावाच्या कागदावर खाली मी तीन रेघा मारून ठेवल्यात. रोज दहा मिनिटं आणि रविवारी तासभर देणाऱ्या तीन घरांची नावं तिथे हवीत. माझं पहिलं लिहिलंय. पण माझं वय एकाहत्तर आहे आणि माशांचं शून्य, तेव्हा उरलेली दोन नावं चाळिशीच्या आतली द्या. सभेपर्यंत रेघा रिकाम्या राहिल्या तर ठरावाच्या विरोधात पहिला हात माझा असेल.

चहा यायला अजून दहा मिनिटं आहेत. विचारा काय विचारायचं ते.