बोलता बोलता थांबणारी पावलं

आजी चालताहेत. सोबतचं कुणी विचारतं, "आज भाजी कुठली होती?" आणि उत्तर द्यायला आजी जागच्या जागी थांबतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी एवढंच पाहिलं. ना यंत्र, ना खर्च! १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. निवासी संस्थांमधल्या ५८ वृद्धांपैकी १२ जण असे थांबले आणि सहा महिन्यांत त्यांतले १० पडले. चालणं निव्वळ पायांचं काम नाही. तोल सांभाळायला मेंदूचं लक्ष लागतं. उतारवयात तेच लक्ष बोलण्याकडे वळलं की पाऊल अडतं. अर्थात, न थांबलेल्या ४६ जणांतलेही ११ पडलेच. तरीही घरात कुणी असं थांबत असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि आजोबा जिना उतरत असताना गप्पा नकोत.