बाळाच्या डोक्याचा घेर



मी लहान मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रिया करते आणि संशोधनही करते. शस्त्रक्रियेचं कौतुक सगळेच करतात. इंदापूर तालुक्यातल्या या मांडवात मला बोलायचं आहे ते संशोधनाबद्दल, कारण ते तुम्हा विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं काम आहे.

मेंदूत पाणी रोज तयार होतं आणि रोज जिरतं. त्याची वाट अडली की ते साठतं, बाळाची टाळू फुगते आणि डोकं भराभर वाढतं. याला हायड्रोसेफॅलस म्हणतात. अशा वेळी कातडीखालून पोटापर्यंत एक बारीक नळी घालतात आणि तिच्यात झडप असते. हाच शंट. मुदत संपलेला एक शंट मी आणला आहे. तो रांगांमधून फिरवा आणि झडप बोटाने दाबून बघा.

या झडपेमागे एक बाप आहे. १९५५ साली अमेरिकेत जॉन होल्टर यांना मुलगा झाला, केसी. त्याच्या मणक्यात जन्मजात दोष होता आणि डोक्यात पाणी साठत होतं. होल्टर डॉक्टर नव्हते, कुलपं बनवणाऱ्या कंपनीत तंत्रज्ञ होते. त्या काळच्या नळ्या वारंवार तुंबायच्या. होल्टर यांनी पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी सिलिकोनची झडप घडवली आणि १९५६ मध्ये ती मुलांसाठी वापरात आली. केसी पाचेक वर्षांचा होऊन गेला. बापाच्या झडपेने मात्र कितीतरी घरांतली मुलं वाढवली. वालचंदनगरच्या कारखान्यात लेथवर उभं राहणाऱ्यांची मुलं इथे बसली असतील. तुमच्या वडिलांचं कसब ऑपरेशन थिएटरपासून फार लांब नाही.

पुढे आपल्याच देशात डॉ. डी. के. छाब्रा यांच्या नावाचा स्वस्त शंट तयार झाला. स्वस्त म्हणजे कमअस्सल, असं म्हणणारे होतेच. युगांडात डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी तो ३५ डॉलरचा शंट आणि ६५० डॉलरचा परदेशी शंट यांची मुलांमध्ये वर्षभर तुलना केली. निकालात फरक आढळला नाही. २००५ मध्ये छापलेला हा निबंध मला फार मोलाचा वाटतो. गरीब बापाला कर्ज काढायला लावायचं की नाही, हे त्यातून ठरतं.

आता आपल्याकडे बघू. शंट तुंबला की मूल उलट्या करतं, डोकं धरून बसतं, पेंगतं. घरचे म्हणतात, पित्त झालं. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबात तर हंगामात मूल भवानीनगरच्या फडावर असतं आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की गावाकडे. दवाखान्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीवर फाटलेला. दुखणं सुरू झाल्यापासून मूल सर्जनपर्यंत पोहोचेपर्यंत किती दिवस गेले? कुठे गेले? हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, जाऊन आईशी बोलावं लागतं आणि वहीत नीट लिहावं लागतं.

बाळाच्या डोक्याचा घेरही साध्या टेपने मोजता येतो. जन्मतः तो साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला सुमारे २ सेंटिमीटर वाढतो. एकदा मोजून फारसं कळत नाही. दर महिन्याला मोजून आलेखावर टिंब द्यायचं. रेघ नेहमीच्या वाढीच्या रेघेपेक्षा वर चढू लागली की डॉक्टरांकडे जायला थांबायचं नाही.

मुलींनो, शाळेत आठवड्याला मिळते ती निळी गोळी मुख्यतः रक्तक्षयासाठी आहे, पण तिच्यात फॉलिक ॲसिडही असतं. गर्भाची मज्जानलिका पहिल्या २८ दिवसांत मिटते, बहुतेक वेळा आईला दिवस गेल्याचं कळण्याआधीच. ती नीट मिटली नाही तर केसीसारखा मणक्यातला दोष राहतो. अगोदर असा दोष असलेलं बाळ झालेल्या मातांना आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं तर हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने दाखवलं. आपल्या वाड्यावस्त्यांवर किती जणींना फॉलिक ॲसिडची गोळी वेळेत मिळते, हे तुम्हीच विचारून लिहू शकता.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे माझ्यासारखं सर्जन होण्याची वाट जवळून सुरू होते. ती लांब आहे, हेही सांगते: एमबीबीएस, एमएस, मग एमसीएच. बक्षीस वितरणानंतर मी इथेच थांबणार आहे. ज्यांना डॉक्टर व्हायचं नाही पण पंप, दाब आणि गणित आवडतं, त्यांनी आधी या.